शेजाऱ्याची बोअर : एक प्रस्तावना

बोअरची गाडी आमच्याकडे रात्री येते. दिवसा मनीषनगरच्या गर्दीतून एवढं धूड आत आणणं अवघड, आणि मे महिन्याच्या दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नसते. जेवणं आटोपून लोक गच्चीवर गाद्या टाकायच्या बेतात असतात तेव्हा कॉम्प्रेसर सुरू होतो, तो पहाटेपर्यंत थांबत नाही. ज्याच्या प्लॉटवर काम असेल तो घरमालक प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो आणि खाली जाणारे रॉड मोजतो, कारण पैसे फुटाप्रमाणे द्यायचे असतात. जमिनीतून राखाडी भुकटी उसळते. ती कूलरवर बसते, तुळशीवर बसते, वाळत घातलेल्या कुरड्यांवर बसते. सगळ्या गल्लीचं लक्ष त्या भुकटीकडे असतं. ती ओली निघाली, की पाणी लागलं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री समोरचे काका खुर्ची टाकून बसले होते. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. मी चहा घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, “तीनशे फूट गेलो ना भाऊ, अजून धूळच निघून राहिली.” पहाटे कधीतरी ओली भुकटी आली. सकाळी पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. आठव्या दिवशी आमची मोटर हवा ओढायला लागली. आमची बोअर एकशे ऐंशी फुटांची होती.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. त्याच गाडीवाल्याला फोन लावला आणि काकांपेक्षा खोल गेलो, चारशे दहा फूट. पेढे वाटले. आमच्यामुळे कोणाचा नळ कोरडा पडला ते बघायला मी गेलो नाही. ले-आउट पडायच्या आधीपासून इथे असलेल्या एका घरी पस्तीस फुटांची विहीर आहे, दगडी, तोंडाशी उंबर असलेली. तिचं पाणी त्याच उन्हाळ्यात तळाला गेलं आणि त्या घरच्या आजी टँकरच्या पाइपमागे हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. विहीर आटण्याला माझी बोअर कारण होती, काकांची होती, की वरच्या फ्लॅट स्कीमच्या तीन बोअर होत्या, हे कोणीच सांगू शकलं नसतं. खडकात पाणी भेगाभेगांतून फिरतं. ते कोणाच्या सातबाऱ्यावर नसतं.

हवामान बदलाला देश काय उत्तर देतात आणि माणसं काय उत्तर देतात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. अशा संग्रहाची प्रस्तावना वितळणाऱ्या हिमनगापासून सुरू व्हायची पद्धत आहे. मी बेसातल्या एका रात्रीपासून सुरुवात केली, कारण ‘उत्तर देणं’ या शब्दांत काय काय दडलेलं असतं ते मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. काकांनी चूक केली नव्हती. त्यांच्या घरात पाणी नव्हतं, त्यांनी सोय केली. मीही केली. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपणाचं पाऊल उचललं आणि सगळी गल्ली मिळून दोनशे फूट खाली गेली. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, किंवा त्याहून खोल गेलेल्या विहिरीला तो ‘खोल विहीर’ म्हणतो. आमच्या गल्लीत त्या आकड्याच्या अलीकडे थांबलेली बोअर आता शोधावी लागेल.

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचं गाव. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं. कपाशी आणि तुरीच्या वावरांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर स्कीमा उभ्या राहिल्या, ग्रामपंचायतीची बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. शहराची हद्द जिथे संपते तिथे महापालिकेचे नळही संपतात, म्हणून पाणी ज्याचं त्याने जमिनीतून काढायचं किंवा टँकरने आणायचं, ही रीत इथे रुळली. वरून ऊन तर नागपूरचंच.

त्या उन्हाचा आम्हाला थोडा अभिमानही आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा मे महिन्यात आला, की त्याला ऊन दाखवताना नागपूरकराचा चेहरा जरा उजळतो. नवतपा, वाळ्याच्या ताट्या, कैरीचं पन्हं, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, खिशातला कांदा: हे सगळं एका जुन्या तहाचे मसुदे आहेत. उन्हाशी इथल्या माणसाने फार पूर्वी तह केला होता. दुपारी बारा ते चार रस्ता उन्हाचा, त्या बदल्यात रात्र माणसाची. गच्चीवर पाणी शिंपडायचं, गादी टाकायची, पहाटे चादर ओढून घ्यायची.

तह मोडला तो रात्रीच्या बाजूने. दिवसाचे विक्रम मोठ्या अक्षरांत छापून येतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरने ४७.९ अंश पाहिले. पण दिवसभर तापलेले स्लॅब, सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक रात्री उष्णता सोडत राहतात, त्याची बातमी होत नाही. त्यात कूलरची गोष्ट वेगळीच आहे. विदर्भाने कूलर घरचा केला तो इथल्या कोरड्या हवेच्या भरवशावर. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, हे त्याचं साधं यंत्रशास्त्र. हवेत दमटपणा आला, की वाफ फारशी होत नाही आणि कूलर नुसता ओला पंखा उरतो. मग माणूस एसीकडे जातो. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेर म्हणजे आमच्या दाट ले-आउटमध्ये शेजाऱ्याची खिडकी. शेजारी खिडकी लावून घेतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही एसी घेतो. बोअरची गाडी न बोलावताही आपण एकमेकांपेक्षा खोल जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ.

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. दुपारपर्यंत तो आकडा देशभर आणि संध्याकाळपर्यंत परदेशातल्या नातेवाइकांकडून परत आमच्या मोबाइलवर आला. हवामान विभागाने संवेदक बिघडल्याचं स्पष्ट केलं. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरने दाखवलेल्या ५२.९ अंशांचाही असाच खुलासा झाला. या प्रसंगात मला यंत्राच्या बिघाडापेक्षा दुसरंच काही लक्षात राहिलं. आमच्या गल्लीत त्या आकड्यावर शंका घेणारा एकही माणूस त्या दिवशी भेटला नाही. छप्पन्न खोटं होतं, पण छप्पन्न खरं असू शकतं इथवर आमचं मन येऊन पोचलं होतं.

पाण्याची गत उन्हासारखीच. जुलै २०१९ मध्ये, भर पावसाळ्यात, तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि नागपूर महापालिकेला दिवसाआड पाणी द्यावं लागलं. त्यानंतर चार वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय ठेवूनच. जीवही गेले. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून तीच हवा जमिनीतला ओलावा जास्त ओढते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी, मग वीस दिवसांची उघडीप, मग दुबार पेरणी, मग सोयाबीन सोंगायच्या वेळेला धो धो, असं त्याचं पंचांग झालं आहे. संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडून झाडाला उपाशी ठेवावं लागतं. त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, की ताण तुटतो आणि फुलाचं गणित बिघडतं. उन्हाळ्यात फळ टिकवायचं तर पाणी हवं. म्हणून वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअर इतक्या खोल गेल्या, की आमची चारशे दहा फुटांची तिथे लहान ठरावी.

आता देशांकडे येऊ. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता. योगायोग असा, की त्याच साली नागपुरात, आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था वेगळ्या नावाने सुरू झाली. तिच्यापुढे तेव्हा पिण्याचं पाणी आणि सांडपाणी हे प्रश्न होते; आकाशाचा प्रश्न अजून तिच्या टेबलावर आला नव्हता. कीलिंगची रेषा तेव्हापासून दरवर्षी वर चढते आहे. २०२४ मध्ये ती ४२० च्या पुढे होती, आणि औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष म्हणून जागतिक हवामान संघटनेने त्याच वर्षाची नोंद केली.

१९९२ मध्ये रिओला देश एकत्र बसले आणि त्यांनी एक तत्त्व मान्य केलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. आमच्या गल्लीच्या भाषेत सांगायचं तर, ज्यांनी आधी बोअर मारली, ज्यांची टाकी भरली आणि ज्यांच्या अंगणात हिरवळ फुलली, त्यांनी उशिरा आलेल्याला ‘आता पाणी जपून वापरा’ एवढंच सांगून चालणार नाही. औद्योगिक काळापासून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन-चार टक्के. आजही सरासरी भारतीय वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडला जबाबदार असतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांवर बंधनं घातली. अमेरिकेने त्याला मंजुरी दिलीच नाही. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये वेगळी युक्ती निघाली. कोणी कोणाला आकडा ठरवून द्यायचा नाही. प्रत्येक देशाने आपला आकडा आपण लिहायचा, तो सगळ्यांना दाखवायचा आणि दर पाच वर्षांनी आधीपेक्षा वरचा लिहायचा. दंड नाही, जप्ती नाही. आहे ती फक्त एक उघडी वही.

या वहीला हसणं सोपं आहे. अमेरिका तिच्यातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. गरीब देशांना वर्षाला शंभर अब्ज डॉलर देण्याचं वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिलं गेलं. ठरलं होतं २०२० पर्यंत, पुरं झालं २०२२ मध्ये. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांनी वर्षाला तेराशे अब्जांची गरज मांडली, हाती लागलं २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्जांचं आश्वासन, आणि भारताच्या प्रतिनिधींनी त्याच सभागृहात आपला विरोध नोंदवला. सोसायटीच्या मेन्टेनन्सचा तक्ता ज्याने सांभाळला आहे त्याला यातलं काहीही नवं वाटणार नाही. तरीही तक्ता भिंतीवर लावलेला असला, की थकबाकीदाराला जिन्यात नजर चुकवावी लागते. तक्ताच नसेल तर तेवढंही नाही.

भारताने ग्लासगोत २०२१ मध्ये २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट सांगितलं आणि त्याच परिषदेच्या शेवटच्या तासांत कोळसा ‘बंद करणं’ हे शब्द बदलून ‘कमी करणं’ करून घेतले. दोन्ही गोष्टी एकाच देशाने, दोन आठवड्यांच्या आत केल्या. बाहेरून ही विसंगती दिसते. कोराडीच्या वाटेवरून पाहिलं तर ती समजते. नागपूर शहराच्या उत्तरेला कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, जवळच खापरखेडा. चंद्रपूर, तिरोडा, मौदा असा कोळशाचा सगळा पट्टा विदर्भात आहे आणि राज्याच्या औष्णिक विजेचा मोठा वाटा इथून जातो. कोराडीला आणखी दोन संच उभारायच्या प्रस्तावावरची जनसुनावणी २९ मे २०२३ रोजी झाली, म्हणजे ऐन नवतप्यात. लोक त्या उन्हात येऊन राख, पाणी आणि दम्याबद्दल बोलले. जगात भारत जे म्हणतो, की आधी ज्यांनी धूर केला त्यांनी आधी थांबावं, तेच वाक्य विदर्भातला माणूस मुंबई-पुण्याकडे तोंड करून म्हणू शकतो. दोन्हीकडे ते तितकंच खरं आहे, आणि दोन्हीकडे ऐकणारा घड्याळ बघतो.

जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीज क्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. पॅरिसच्या वहीत २०३० साठी लिहिलेला हा आकडा पाच वर्षं आधी गाठला गेला. कौतुक करावं अशीच गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे मांडलेली ताटं. जेवण किती झालं ते वेगळं मोजावं लागतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळसाच आहे, कारण सूर्य साडेसहाला मावळतो आणि आमचे एसी त्यानंतर सुरू होतात. छतावरच्या सौर विजेत नागपूर जिल्हा महाराष्ट्रात पुढे आहे. बेसातून कोणत्याही गच्चीवर उभं राहिलं, की निळ्या पॅनेलच्या रांगा दिसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. बिल शून्यावर आलेल्या घरात ‘आता काय, वापरा’ म्हणून दुसरा एसी बसतो, हेही आम्ही पाहतो. रात्री त्या एसीला कोराडीच लागते.

माणसांच्या उत्तरांबद्दल बोलताना एक जुना हिशेब आधी मिटवायला हवा. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द आज शाळेच्या प्रकल्पांतही असतो. स्वतःचा कार्बन फूटप्रिंट मोजायची कल्पना घरोघरी नेली ती २००४-०५ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. तेल विकणाऱ्याने ग्राहकाला विचारावं, की तुझ्या पावलांचा ठसा केवढा, यातली चलाखी उघड आहे. त्या चलाखीने अनेक संवेदनशील माणसं पंख्याचं बटण बंद करता करता अपराधी झाली. उलट टोकाला, ‘माझ्या एकट्याने काय होणार’ म्हणत दिवसभर नळ वाहू देणारेही झाले. या संग्रहातले लेख या दोन्ही टोकांपासून दूर राहतात, आणि त्यांची मांडणी करताना माझाही प्रयत्न तोच होता.

एकटा माणूस काय करू शकतो ते मोजून सांगता येतं. नागपुरात वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचं पाणी होतं लाखभर लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे वीस टँकर. ते आज पाइपने रस्त्यावर येतं, रस्त्यावरून नाल्यात जातं, आणि मे महिन्यात आपण त्याच वीस टँकरांचे पैसे मोजतो. गच्चीला चुना मारला तर खालची खोली थोडी निवते, खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा. हे करायला जागतिक परिषद लागत नाही.

पण एकटा माणूस नदी सांभाळू शकत नाही. बेसा-पिपळ्याच्या बाजूने पोहरा नदी जाते. नव्याने राहायला आलेले तिला नाला म्हणतात, कारण त्यांनी तिला तशीच पाहिली. तिच्या काठाने किती भराव टाकायचा, पुराचं पाणी कुठे पसरू द्यायचं, हे एका घराच्या हातात नसतं आणि दिल्लीच्या मंत्रालयाला दिसत नाही. नाग नदीचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्द धरणात जातं. शहरात जे टाकलं जातं ते भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या दारात पोचतं. या प्रश्नांचं माप घरापेक्षा मोठं आणि देशापेक्षा लहान आहे. मला वाटतं, हवामान बदलाच्या सगळ्या चर्चेत नेमकी ही मधली पायरी निसटली आहे. वर २०७० चे संकल्प आहेत, खाली कापडी पिशवी आहे, मध्ये गाव, प्रभाग, नदी, ले-आउट यांच्या जागी पोकळी आहे.

जिथे ही पायरी कोणी बांधली तिथे काय घडलं, त्याचे पुरावे आहेत. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाख किंवा त्याहून अधिक माणसं गेली. पुढे तिथे गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, निवारे बांधले गेले, कोणत्या झेंड्याला घर सोडायचं हे लहान पोरांनाही कळू लागलं. २०२० च्या अम्फान वादळात वीस लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले आणि त्या देशातली मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली. ओडिशात १९९९ चं वादळ सुमारे दहा हजार बळी घेऊन गेलं. २०१३ च्या फायलिनमध्ये बळी पन्नासच्या आत होते. वादळं काही सौम्य झाली नव्हती. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने हजाराहून अधिक जादा मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये देशातला पहिला उष्माघात कृती आराखडा केला. नागपूर महापालिकेनेही पाठोपाठ तो उचलला. दुपारी बागा उघड्या ठेवणं, रुग्णालयांत थंड वॉर्ड, चौकांवर हिरवी नेट, भर उन्हात काही सिग्नल बंद ठेवणं, अशी त्याची साधी साधी कलमं आहेत. तो अपुरा आहे. आमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या स्कीमवर सेंट्रिंगच्या पत्र्यांवर वाकलेल्या मजुराला दुपारी बाग उघडी असल्याचा काय उपयोग? त्याची मजुरी दिवसाची आहे. तरी आराखडा आहे म्हणून निदान हा प्रश्न कोणाला तरी विचारता येतो.

बोअरचं उत्तर शोधत मी पुस्तकांतून फिरलो तेव्हा पुन्हा पुन्हा एकाच गावाशी येऊन थांबलो. हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात आमच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर मारायची नाही असं ठरवलं, उसासारखी तहानलेली पिकं सोडली आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून त्यावर पिकं ठरवायला सुरुवात केली. हिवरे बाजारचं कौतुक महाराष्ट्रात इतकं झालं आहे, की त्यातली कठीण गोष्ट दिसेनाशी होते. बंधारे बांधणं त्यामानाने सोपं. ज्याच्या वावरात खाली पाणी असेल त्याने बोअर मारायची नाही, हे शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगणं आणि ते ऐकणं, हे कठीण.

कायदाही आता हवामान बदलाकडे वळतो आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात निकाल देताना हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी असल्याचं मत दिलं. त्या प्रकरणाची कल्पना पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची होती. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलून धरली. वर्गातल्या बाकावरून हेगच्या न्यायालयापर्यंतचा तो रस्ता ‘माझ्या एकट्याने काय होणार’ म्हणणाऱ्याने जरूर वाचावा.

संग्रहाची मांडणी तीन भागांत आहे. पहिल्या भागात देश: करार, पैसा, कोळसा आणि न्याय. दुसऱ्यात शहर आणि नदी. तिसऱ्यात घर, वावर आणि बाग. वाचकाने शेवटच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. मला तर तेच बरं वाटेल. यात अमुक दहा सवयी बदला अशी यादी सापडणार नाही. जग बुडालं अशी हाकाटीही नाही, कारण घाबरलेला माणूस काय करतो ते मी स्वतः करून पाहिलं आहे: तो बोअरवाल्याला फोन लावतो.

शेवटी त्या गल्लीचं सांगतो. गेल्या उन्हाळ्याआधी आम्ही पंधरा-वीस घरं मंदिराच्या सभामंडपात बसलो. भांडण झालं, चहा झाला, पुन्हा भांडण झालं. नवी बोअर मारायची नाही, असा ठराव काही होऊ शकला नाही. झालं ते एवढंच, की एक वही घालायची. प्रत्येकाने आपल्या बोअरची खोली, साल आणि मे महिन्यात किती मिनिटं पाणी येतं ते तिच्यात लिहायचं. वही मंदिरातल्या कपाटात राहील, कोणीही पाहू शकेल. कोणावर सक्ती नाही. पॅरिसची आठवण तेव्हा मला आली नाही, घरी येताना आली.

पहिली ओळ माझ्या हातची आहे: चारशे दहा फूट. दुसरी समोरच्या काकांची. तिसरी आजींच्या विहिरीची, पस्तीस फूट. ती त्यांच्या नातवाने लिहिली. ‘पाणी’ या रकान्यात तिच्यापुढची जागा त्याने मोकळी ठेवली आहे. आमच्या दोन गच्च्यांचं पाणी यंदा त्या विहिरीत सोडायचं ठरलं आहे. पाइप आणून ठेवलेत. मृग लागायला अजून नऊ दिवस आहेत.

बेसा, नागपूर